जादूगोड्याचा कचरा कोणाच्या दारात?

18 मे 1974 रोजी पोखरणला भारताने पहिला अणुस्फोट केला. ती मोहीम ‘स्मायलिंग बुद्ध’ या नावाने ओळखली गेली. ज्या तथागताने जगाला करुणा शिकवली, त्याचे नाव स्फोटाला! पुढे 1999 मध्ये श्रीप्रकाश यांनी झारखंडमधल्या जादूगोड्यावर माहितीपट केला. त्याचे नाव ‘बुद्धा वीप्स इन जादूगोडा’. एकीकडे हसणारा बुद्ध, दुसरीकडे रडणारा. यातला आपला बुद्ध कोणता, हे आम्हाला ठरवावे लागेल.

जादूगोडा पूर्व सिंहभूम जिल्ह्यात आहे. संथाळ, हो, मुंडा या आदिवासींचा हा मुलूख, संविधानाच्या पाचव्या अनुसूचीतला. 1967 मध्ये युरेनियम कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि इथे देशातली पहिली युरेनियम खाण चालू झाली. इथला दगड हलक्या प्रतीचा. हजार किलो दगड फोडून, दळून एक किलोही युरेनियम मिळत नाही. ते पिवळ्या भुकटीच्या रूपात हैदराबादला जाते. उरलेला सगळा चोथा जादूगोड्यातच राहतो.

या चोथ्यात मूळ दगडातला बहुतांश किरणोत्सर्ग तसाच असतो. त्यातल्या रेडियमचे अर्धायुष्य सुमारे 1,600 वर्षे. त्यापासून रेडॉन वायू निघतो आणि तो फुप्फुसाच्या कर्करोगाचे कारण ठरू शकतो. हा गाळ ज्या तळ्यांत सोडतात, ती गावांना खेटून आहेत. असेच एक तळे करायला 1996 मध्ये चाटीकोचा गावातल्या आदिवासींच्या घरांवर बुलडोझर चालवला गेला. डिसेंबर 2006 मध्ये गाळ वाहून नेणारी पाइपलाइन फुटली आणि विषारी गाळ नाल्यात गेला. कंपनीला ही खबर दिली ती गावकऱ्यांनी!

कामगारांची कथा वेगळी नाही. खाणीतले धुळीने माखलेले कपडे घरी न्यायचे आणि बायकोने हातांनी धुवायचे, असे दिवस काढल्याचे इथले जुने कामगार सांगतात. म्हणजे किरणोत्सर्ग पगाराबरोबर घरी आला, आणि ज्या बाईचे नाव हजेरीपटावर नाही तिच्याही अंगाला लागला.

कंपनी म्हणते, आजारांचे कारण किरणोत्सर्ग नाही. 2007 मध्ये ‘इंडियन डॉक्टर्स फॉर पीस अँड डेव्हलपमेंट’च्या पाहणीत खाणीजवळच्या गावांत जन्मजात व्यंग आणि वंध्यत्वाचे प्रमाण दूरच्या गावांपेक्षा जास्त आढळले. खरे कोण? आमचे म्हणणे सोपे आहे: तपास स्वतंत्र होऊ द्या. पण नेमके तेच होत नाही. कंपनी अणुऊर्जा विभागाची. किरणोत्सर्ग मोजणारे भाभा अणुसंशोधन केंद्राचे, म्हणजे त्याच विभागाचे. नियमन मंडळ 1983 मध्ये सरकारी आदेशाने उभे राहिले, आणि त्याला कायद्याचा आधार नसल्यावर कॅगने 2012 मध्ये बोट ठेवले. 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जादूगोड्याची जनहित याचिका फेटाळली, तीही अणुऊर्जा आयोगाच्या प्रतिज्ञापत्रावर विसंबून. आरोपीच साक्षीदार, आरोपीच पंच! याला न्याय म्हणायचे?

आता काही मित्र विचारतील, हा तर आदिवासींचा प्रश्न, आंबेडकरी चळवळीचा काय संबंध? मित्रांनो, जातिव्यवस्था म्हणजे नुसती कामाची नव्हे, काम करणाऱ्यांची विभागणी, हे बाबासाहेबांनी आपल्याला शिकवले. गटारात कोण उतरतो, हे इथे जन्म ठरवतो. मग विषारी गाळ कोणाच्या शेताशेजारी साचणार, हे कोण ठरवते? एखाद्या शहरातल्या उच्चभ्रू वस्तीशेजारी असे तळे झाले असते का? ज्यांचा आवाज दिल्लीत पोहोचत नाही, त्यांच्याच दारात घाण टाकायची, ही मनुवादी रीत आहे. मैला असो की युरेनियमचा चोथा, रीत तीच.

काही जण म्हणतील, बाबासाहेब तर उद्योगांच्या, विजेच्या बाजूचे होते. होतेच. पण मजूरमंत्री असताना डिसेंबर 1943 मध्ये ते धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः खाली उतरले. मजूर कसा राबतो, कसा राहतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. 1944 मध्ये कोळसा खाण कामगारांसाठी कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. धनबाद आज झारखंडमध्येच आहे. बाबासाहेबांचा उद्योग कामगाराच्या जिवावर उभा नव्हता. ‘विकास हवा तर गप्प बसा’ हे त्यांचे सूत्र नाही.

धोका आता वाढला आहे. सप्टेंबर 2025 मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने अणुखनिजांच्या खाण प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट दिली. कारण दिले देशाच्या सुरक्षेचे. गावकऱ्याला एक दिवस माईकसमोर उभे राहून बोलण्याचा जो हक्क होता, तोही गेला. ज्यांची जमीन जाते, पाणी जाते, ते या देशात मोडत नाहीत काय?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. अणुऊर्जा विभागाबाहेरच्या डॉक्टरांकडून, ग्रामसभेच्या देखरेखीखाली आरोग्य तपासणी करा. प्रत्येक कामगाराला, कंत्राटी असला तरी, त्याच्या किरणोत्सर्गाची नोंद त्याच्या भाषेत हातात द्या. कपडे कंपनीने धुवावेत. विहिरी-नाल्यांच्या पाण्याचे अहवाल दर महिन्याला गावात लावा. निवृत्त कामगार आणि त्यांच्या कुटुंबांना आयुष्यभर मोफत उपचार द्या. आणि जनसुनावणी परत आणा.

यातली एकही मागणी खाण बंद करा असे म्हणत नाही. तरीही ती देशद्रोही वाटत असेल, तर खोट मागणीत नाही. संविधानाच्या कलम 21 ने दिलेला जगण्याचा हक्क जादूगोड्याच्या वेशीवर थांबत नाही. तरुणांनो, पुढच्या 14 एप्रिलला मिरवणुकीत एक फलक जादूगोड्याचाही असू द्या. त्या माणसांना कळू द्या की ते एकटे नाहीत.

जोहार! जय भीम! जय संविधान!