भाऊबंद नकोत, शेजारी हवेत

गणेश चतुर्थीच्या सकाळी पेणच्या बाजारात ऋषीच्या भाजीचे वाटे मांडलेले असतात. अळूची पानं, चार भेंड्या, एक शिराळं, पडवळाचा तुकडा, मक्याचं कणीस, चवळीच्या शेंगा, लाल भोपळ्याची फोड, सुरण, माठाची जुडी. मध्यंतरी तीन वर्षं मीही हा वाटा विकत आणला, कारण आमचं परसदार पेव्हर ब्लॉकखाली गेलं होतं. चिखल नको, स्कूटर लावायला बरं, असं घरात ठरलं आणि मीही मान डोलावली. ती माझी चूक होती.

ही भाजी दुसऱ्या दिवशीच्या ऋषिपंचमीची. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, असा नेम. नांगर न लागता पिकलेलं म्हणजे काय, तर कुदळीने खणून हाताने लावलेलं, अर्थात परसातलं. आमच्या सासूबाईंच्या परसात जे होतं तेच ऋषीच्या भाजीच्या पातेल्यात पडायचं, आणि ते कुठे लावायचं हेही ठरलेलं होतं. मोरीचं पाणी जिथे जाई तिथे अळू. मांडवावर शिराळं आणि पडवळ, मांडवाच्या सावलीत हळद. कुंपणालगत मक्याची ओळ आणि तिच्या बुंध्याशी चवळी. मका उभा राहायचा, चवळी त्याला धरून वर चढायची. भेंडीच्या दोन रोपांमधल्या जागेत माठ फेकलेला असे. महिन्याभरात माठ उपटून खाऊन व्हायचा, तोवर भेंडीला पसरायला जागा मोकळी.

उत्तर अमेरिकेतले मूळ रहिवासी मका, घेवडा आणि भोपळा एकत्र लावत आणि त्यांना तीन बहिणी म्हणत, हे आता आपल्याकडच्या बागकामाच्या वर्गांतही कौतुकाने सांगतात. कौतुक जरूर करावं. मका आणि लाल भोपळा आपल्याकडे आले तेही अमेरिकेतूनच. ज्या ऋषींच्या नावाने आपण ही भाजी खातो त्यांनी कणीस कधी पाहिलं नसणार. पण पेणमधल्या बाईने ते परक्या मुलखातलं पीक आपल्या चवळीशेजारी नेमकं बसवलं. त्याला सोबतीची लागवड म्हणतात हे तिला ठाऊक नव्हतं, इतकंच.

ब्लॉक काढले तेव्हा मीही आधी सासूबाईंना विसरून सुनेच्या मोबाईलवरचा तक्ता समोर ठेवला होता. कोणाचा मित्र कोण, कोणाचा शत्रू कोण, सगळं रंगीत. तक्ता कुठल्या तरी थंड देशातला. त्यावर विसंबून जूनमध्ये टोमॅटोजवळ तुळस लावली. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. जुलैत टोमॅटो बुडातून कुजले. तुळस मात्र छान वाढली! अशा तक्त्यांतल्या निम्म्याअधिक जोड्या ऐकीव असतात असं माझं मत झालं आहे. कोणाशेजारी कोण हे पाऊस, ऊन आणि महिना पाहून ठरतं.

एक नियम मात्र मी पक्का धरला आहे. परसात भाऊबंद जवळ ठेवायचे नाहीत. कोकणात भाऊबंदकी म्हणजे काय हे सांगायची गरज नाही. बांध कोणाचा यावरून तीन पिढ्या कोर्टात जातात. टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा हे एका कुळातले. एकाची कीड दुसऱ्याला, एकाचा रोग दुसऱ्याला. काकडी, दुधी, कारलं, पडवळ हेही सख्खे चुलत, फळमाशी सगळ्यांची सारखीच. शिराळं-पडवळ एका मांडवावर असले, तरी काकडी सासूबाई मांडवापासून दूर, विहिरीकडच्या टोकाला लावत. शेजारी हवा तो दुसऱ्या कुळातला.

असा एक शेजारी म्हणजे झेंडू. तो आपल्याकडे दसऱ्यासाठी लावतात. पाऊस सरल्यावर मी टोमॅटो लावला, त्याच दिवशी कडेने झेंडूची रोपं लावली आणि निश्चिंत झाले. टोमॅटोला भोकं पडली तेव्हा झेंडूला कळीही नव्हती. इथे वेळ हेच सगळं आहे. टोमॅटोचं फळ पोखरणाऱ्या अळीची मादी झेंडूच्या कळ्याफुलांवर अंडी घालणं पसंत करते, पण त्यासाठी टोमॅटो फुलात येईल तेव्हा झेंडूही फुललेला लागतो. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची शिफारस टोमॅटोच्या सोळा ओळींमागे उंच झेंडूची एक ओळ अशी आहे, आणि लावताना झेंडूचं रोप टोमॅटोच्या रोपापेक्षा पंधरा-वीस दिवसांनी मोठं असावं. घरी सोळा ओळी कुठून आणणार? मी दोन वाफ्यांच्या कडेने एकच ओळ लावते.

झेंडूचा असा सापळा लावला की तो रिकामाही करावा लागतो. एका सकाळी देवापुढच्या परडीतलं झेंडूचं फूल उचललं, तर पाकळ्यांच्या मुळाशी हिरवट अळी वळवळत होती, अंगावर फिकट रेघा, शेजारी काळी विष्ठा. तेव्हापासून फुलं आधी साबणाच्या पाण्यात झटकते, मग देवाला. फुलं झाडावरच राहू दिली तर तोच झेंडू अळ्यांचं बाळंतघर होतो.

टोमॅटोच्या शेजारी झेंडू, तर त्याच्या मागून येतो तो वाल. माझं माहेर रोह्याचं. तिथे भात कापलं की जमिनीतल्या ओलीवर वाल टाकतात, आणि थंडीत पोपटी लागते: मडक्यात वालाच्या शेंगा आणि खाली-वर भांबुर्ड्याचा पाला. लहानपणी वडिलांनी वालाचं मूळ उपटून त्यावरची गाठ नखाने फोडून दाखवली होती. आत गुलाबी. गुलाबी असली की ती हवेतलं नत्र धरण्याचं काम करते आहे, हिरवी-करडी झाली की थांबली. मात्र वाल शेजारच्या रोपाला हातोहात नत्र देतो असं समजू नका. बरंचसं दाण्यात जातं. मातीला मिळतं ते मुळं आणि पाला कुजल्यावर. म्हणून शेंगा संपल्या की वेल उपटू नये, जमिनीलगत कापावा. मी माहेरचं वालाचं बियाणं दिवा-रोहा गाडीने रुमालात बांधून पेणला आणते आणि टोमॅटोचा वाफा पुढच्या वर्षी वालाला देते.

नगरपालिकांनी नवी घरं मंजूर करताना परसाची चार हात माती उघडी ठेवायला लावावी, असं मला वाटतं. नियम येईल तेव्हा येईल. ज्यांच्या दारी माती आहे त्यांनी या वर्षीपासून एवढं करून पाहावं. रोपवाटिकेला जायची गरज नाही, कालनिर्णय पुरतं. घटस्थापनेला झेंडू पेरा, कोजागरीला टोमॅटो, आणि तुळशीच्या लग्नाला दोन्ही रोपं एका वाफ्यात लावा. काही अडलं तर रोह्याजवळ किल्ला इथे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथे जाऊन विचारा.