गाईच्या कर्जाला गवताचे तारण

दुभत्या जनावरासाठी कर्जाचा अर्ज आला की जनावराची जात, वेत, दुधाचा अंदाज आणि विमा या बाबी काटेकोरपणे तपासल्या जातात. ते जनावर उन्हाळ्यात काय खाणार, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. हप्ता दुधातून फिटतो आणि दूध वैरणीतून येते, हे लक्षात घेता ही उणीव लहान नव्हे.

मराठी मनाला झाशी परिचित आहे ती राणी लक्ष्मीबाईंमुळे. त्याच झाशीत १९६२ साली भारतीय गवत व चारा संशोधन संस्था स्थापन झाली. अंजन, दीनानाथ, गिनी अशा गवतांचे सुधारित वाण विकसित करणे हे तिच्या कार्याचे एक प्रमुख अंग आहे.

हे काम वाटते तितके सोपे नाही. उंच वाढणारे गवत वजनाला भरते. परंतु त्याच्या जाड दांड्यात लिग्निन साठते व ते जनावराला पचत नाही. पाने अधिक आणि दांडा बारीक असलेले गवत लवकर व सारखे वाळते. शिवाय अंजन व गिनी या गवतांत बी बहुधा फलनाविनाच तयार होते. प्रत्येक रोप मातृरोपाची प्रतिकृती असते. त्यामुळे चांगला गुण पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, पण दोन वाणांचे गुण एकत्र आणणे अत्यंत कठीण होते.

वाण उत्तम असला तरी कापणीची वेळ चुकता कामा नये. फुलोऱ्याच्या सुमारास कापलेल्या गवतात प्रथिने टिकून असतात. बी पक्व होईपर्यंत थांबल्यास वजन मिळते, कस जातो. फुलोरा पावसात आला तर गवत वाळवावे कोठे, ही शेतकऱ्याची अडचणही खरी आहे. म्हणूनच पाऊस ओसरल्यावर फुलणारा वाण त्याच्या अधिक उपयोगाचा.

महाराष्ट्रातही मारवेल व पवना ही कसदार देशी गवते आहेत. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ व उरुळीकांचनची बाएफ संस्था यांनी चारा पिकांवर मोलाचे काम केले आहे.

पशुपालनाच्या खेळत्या भांडवलासाठी किसान क्रेडिट कार्डाची सुविधा २०१९ पासून खुली झाली आहे. तिचा काही भाग गवताच्या सुधारित ठोंबांसाठी व बियाण्यासाठी खर्च होणे इष्ट ठरेल. कर्जप्रस्तावात 'वैरणीची तजवीज' हा एक रकाना वाढविल्यास अधिकाऱ्याची काही मिनिटे जातील. परंतु चैत्र-वैशाखात गोठाही रिकामा होणार नाही आणि खातेही थकणार नाही.