वाग्दत्तेची वही आणि आपला अभ्यासक्रम

गेल्या उन्हाळ्यात एम.ए. मराठीच्या एका विद्यार्थिनीने संशोधन-प्रकल्पासाठी एक विषय सुचवला. तो समितीपुढे आला आणि दोन मिनिटांत परतही गेला. विद्यार्थिनी राजापेठेत राहणारी, मराठी ख्रिस्ती कुटुंबातली. साखरपुडा झालेला, लग्न नाताळानंतर ठरलेले. विषय होता 'मराठी ख्रिस्ती स्त्रियांच्या लेखनातील विवाहपूर्व चिंतन'. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचे म्हणणे पडले, "यात वाङ्मयीन असे काय आहे? फार तर धर्मांतराच्या साहित्यातला एक पोटविषय." दुसऱ्यांनी हसत पुस्ती जोडली, "स्वतःच्या लग्नाची तयारी प्रकल्पातच उरकायची दिसते." मी त्या बैठकीत होते आणि गप्प बसले. हा लेख म्हणजे त्या गप्प बसण्याची उशिरा केलेली भरपाई.

विषयाच्या टिपणासोबत तिने मला एक दोनशे पानी वही वाचायला दिली होती. साखरपुड्याच्या रात्रीपासून ती लिहायला घेतलेली. तीत प्रेमपत्रे नाहीत, कविता नाहीत, प्रार्थनाही मोजक्याच. आहेत त्या रोजच्या नोंदी. राजापेठ चौकातल्या गर्दीतून आईबरोबर परतताना साडी पांढरी असावी की मोतिया, यावर झालेला वाद. मंगळसूत्राच्या काळ्या मण्यांत क्रूस ओवायचा ठरल्यावर आजीने आणि पाळकांनी अगदी वेगवेगळ्या कारणांसाठी व्यक्त केलेली एकच नापसंती. होणाऱ्या नवऱ्याची नोकरी अकोल्याला, ही शिकवते अमरावतीच्या एका शिकवणी वर्गात. तेव्हा बडनेऱ्याहून रोज गाडी कोण पकडणार, हा प्रश्न दोन्ही घरांत कोणालाच पडला नाही, ही नोंद. मंडळीत सलग तीन रविवारी दोघांची नावे वाचली जातात आणि कोणाची काही हरकत आहे काय, असे विचारले जाते. पहिल्या रविवारच्या नोंदीत ती म्हणते की हरकत साऱ्या मंडळीला विचारली, मला मात्र लग्नाच्या दिवशी विचारतील, आणि तोवर पत्रिका वाटून झालेल्या असतील. (हे सारे तिच्या परवानगीने सांगते आहे.)

वहीतले सर्वांत लांब टिपण पवित्र शास्त्राच्या वाचनाविषयी आहे. लग्नाच्या उपासनेत इफिसकरांस लिहिलेल्या पत्राचा पाचवा अध्याय वाचतात. पत्नीने पतीच्या अधीन असावे, हे सांगणारे बाविसावे वचन तिने लहानपणापासून प्रत्येक लग्नात ऐकले आहे. त्याच्या लगेच आधीचे एकविसावे वचन सर्वच विश्वासणाऱ्यांना एकमेकांच्या अधीन राहायला सांगते. ते तिने लग्नात कधी ऐकले नव्हते, कारण वाचन त्याच्यानंतर सुरू होत असे. दुसरी नोंद रूथविषयी. 'तू जाशील तिथे मी येईन' या आशयाची तिची शपथ लग्नांत मोठ्या हौसेने वापरली जाते, पण रूथने ती नवऱ्याला दिलेलीच नाही. नवरा गेल्यानंतर सासूला, नामीला दिलेली आहे. उतारा कुठे सुरू करायचा आणि वाक्य कोणाच्या तोंडून कोणाच्या तोंडी घालायचे, हे कोण ठरवते, असा तिचा प्रश्न आहे. आपण एम.ए.च्या वर्गात 'संहितेचे सूक्ष्म वाचन' म्हणून जे शिकवतो, ते याहून निराळे काय असते?

एक नोंद कायद्याची आहे. तिच्या आईवडिलांचे लग्न २००१ पूर्वीचे. तेव्हा १८६९ चा घटस्फोटाचा कायदा मूळ रूपात लागू होता. ख्रिस्ती नवऱ्याला पत्नीचा व्यभिचार एवढे एकच कारण पुरे होते. पत्नीला मात्र केवळ व्यभिचार दाखवून भागत नसे, त्याच्या जोडीला क्रौर्य किंवा दोन वर्षांचा परित्याग असे आणखी काही सिद्ध करावे लागे. २००१ च्या दुरुस्तीने ही विषमता काढली आणि परस्परसंमतीने विभक्त होण्याची वाट प्रथमच उघडली. आईने ज्या अटींवर 'होय' म्हटले त्या अटी तिला ठाऊकच नव्हत्या, असे मुलगी लिहिते. लग्नाच्या तोंडावर घटस्फोटाचा कायदा वाचणारी ही मुलगी लग्नाच्या विरोधात नाही. आपण कशाला 'होय' म्हणतो आहोत, एवढेच तिला आधी समजून घ्यायचे आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. मराठी साहित्यात लग्ने उदंड आहेत. पण लग्न ठरलेली आणि अजून न झालेली स्त्री स्वतः विचार करताना किती ठिकाणी दिसते? ती दिसते ती दाखवली जाताना, पसंत केली जाताना, नाकारली जाताना. तिच्याविषयी बोलणारे पुष्कळ, ती बोलते क्वचित. याचे कारण लेखकांच्या उदासीनतेपेक्षा समाजरचनेत अधिक आहे. ज्या काळात आधुनिक मराठी गद्य घडले, त्या काळात लिहिण्यावाचण्यापर्यंत पोचणाऱ्या घरांतल्या मुलीला हा काळच मिळत नव्हता. हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो!' मधली यमू सबंध आयुष्याची कहाणी सांगते, पण लग्नापूर्वी तिने लग्नाचा विचार केला असे सांगण्याजोगे वय तिला मिळालेले नाही. वाग्दत्ता ही अवस्था आधी जगण्यात यावी लागते, मगच ती गद्यात येते.

मराठी मुलखात ही अवस्था ज्या थोड्या घरांत लवकर आली, त्यांत मिशनच्या शाळांतून शिकलेल्या मुलींची ख्रिस्ती घरे होती. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याने एतद्देशीय ख्रिस्ती वधूचे वय तेराहून अधिक असावे, अशी अट घातली. तेरा हे काही प्रौढ वय नव्हे. पण त्याच काळात इतर बहुतेकांसाठी विवाहाच्या वयाची कसलीच कायदेशीर मर्यादा नव्हती. ती यायला १९२९ चा सारडा कायदा उजाडावा लागला. त्यात शाळा, वसतिगृह, अध्यापिकेची किंवा परिचारिकेची नोकरी यांमुळे लग्न पुढे जाऊ लागले. मुलगी आणि लग्न यांच्यामध्ये काही वर्षे मोकळी राहिली. या मोकळ्या वर्षांत जे लिहिले गेले, ते आपण 'ख्रिस्ती साहित्य' असा शिक्का मारून कपाटात ठेवले आहे.

उदाहरण कृपाबाईंचे. हरिपंत आणि राधाबाई खिस्ती या धर्मांतरित ब्राह्मण दांपत्याची ही मुलगी १८६२ मध्ये अहमदनगरला जन्मली. वैद्यकीचे शिक्षण घेण्यासाठी ती मद्रासला गेली, प्रकृतीने साथ सोडली, आणि १८८३ मध्ये सॅम्युएल सत्यनाथन यांच्याशी तिचे लग्न झाले. १८९४ मध्ये वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ती गेली. तिची 'सगुणा' ही आत्मचरित्रात्मक कादंबरी आधी मद्रासच्या नियतकालिकात आणि १८९५ मध्ये पुस्तकरूपाने आली. त्या पुस्तकाची रचना पाहा. आरंभी आईचे लग्न आहे: कळत्या वयापूर्वी झालेले, सासूच्या धाकात मुरलेले. पुढे मुलीचे शिक्षण, वाचनाची भूक, स्थळाला दिलेला नकार, आणि अखेरीस आपल्या विचारांशी जुळणाऱ्या माणसाशी लग्न. आई आणि मुलगी यांच्या दोन लग्नांमधले अंतर हाच त्या पुस्तकाचा विषय आहे. राजापेठेतल्या मुलीने आईच्या आणि स्वतःच्या लग्नामध्ये जी २००१ ची रेघ ओढली, ती याच जातीची आहे. तिने तेव्हा 'सगुणा' वाचलेली नव्हती. कुठून वाचणार? आपण ती कधी सांगितलीच नाही.

दुसरे उदाहरण आपण सगळे शिकवतो, आणि माझ्या मते चुकीचे शिकवतो. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'वर आपले ठरलेले प्रश्न असतात: विनोद, भाषेचा साधेपणा, टिळकांचे व्यक्तिचित्रण. जणू हे पुस्तक म्हणजे एका विक्षिप्त कवीच्या संसाराची गोड हकिगत. पण घटनाक्रम पाहा. लक्ष्मीबाईंचे लग्न बालपणी झाले. त्यात त्यांना कोणी काही विचारले नाही. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तोही त्यांना न विचारता. त्यानंतरची काही वर्षे त्या नवऱ्यापासून दूर राहिल्या, मग जात सांभाळून जवळ राहिल्या, आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. त्या वर्षांत त्यांच्यापुढे प्रश्न कोणता होता? या माणसाशी संसार करावा की नाही, आणि केला तर कोणत्या अटींवर? पहिल्या लग्नाने हिरावून घेतलेला वाग्दत्तेचा काळ त्यांनी विवाहित असताना, पदरी मूल असताना जगून घेतला. कायद्याच्या भाषेत ते लग्न मोडलेले नव्हते. माणसांच्या भाषेत ते पुन्हा ठरत होते. मराठीतले वाग्दत्तेचे सर्वांत मोठे आत्मकथन माझ्या मते हेच आहे, आणि आपण त्यावर 'विनोदाचे स्वरूप स्पष्ट करा' असा प्रश्न काढतो.

यावर तीन आक्षेप येतील. पहिला भाषेचा: 'सगुणा' इंग्रजी आहे, ती मराठीच्या वर्गात कशी? पण मराठी विभागांत भाषांतरे आणि तौलनिक साहित्य शिकवले जात नाही काय? नगरच्या मराठी घराची हकिगत तमिळमध्ये एकोणिसाव्या शतकातच अनुवादित झाली, आणि आपण मात्र ती परकी म्हणून बाजूला ठेवतो. 'आपले' काय हे ओळखायला उशीर लावण्याची सवय आपल्याला, विशेषतः वऱ्हाडला, जुनी आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांची 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ मध्ये छापली गेली आणि विस्मृतीत गेली, स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ती पुन्हा प्रकाशित केली. मधली त्र्याण्णव वर्षे आपल्या उंबऱ्यावरचे हे पुस्तक कोणाच्या यादीत नव्हते. त्या वर्षांतल्या समित्यांनाही त्यात वाङ्मयीन काही दिसले नसणार.

दुसरा आक्षेप प्रचाराचा: हे साहित्य मिशनच्या छायेतले, तेव्हा ते स्वतंत्र चिंतन कसे मानायचे? मिशनची छाया होती, हे खरेच. बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटन'मध्ये (१८५७) ती स्पष्ट दिसते. तिथे विधवेच्या दुःखाची वाट अखेर ख्रिस्ती श्रद्धेकडे नेली आहे. पण छायेत वाढलेले सारेच प्रचार ठरत असेल, तर संप्रदायाच्या छायेत वाढलेल्या संतसाहित्याचे काय करायचे? तिथे आपण श्रद्धा आणि साहित्य यांचे नाते समजावून घेतो, विद्यार्थ्यांनाही समजावतो. तोच न्याय इथे का नको? आणि राजापेठेतली ती वही तर आपल्याच मंडळीत होणाऱ्या वाचनाला प्रश्न विचारते. हा प्रचार असेल तर तो कोणाचा?

तिसरा आक्षेप माझ्या सहकाऱ्यांचा नाही, त्या विद्यार्थिनीचा आहे, आणि तोच मला सर्वांत जड वाटतो. हा लेख लिहायला घेतल्यावर मी तिला कृपाबाई आणि लक्ष्मीबाई यांच्याविषयी सविस्तर सांगितले. ती म्हणाली, "मॅडम, या दोघीही ब्राह्मण घरातून आलेल्या. आमच्या वऱ्हाडातल्या मंडळीत तशी घरे किती? माझी पणजी दुष्काळात मिशनच्या आश्रयाला आलेली पोर होती. तिचे लग्न मिशनच्या बाईंनी जमवले. तिने काय विचार केला असेल, ते कुठे लिहिले आहे?" कुठेच नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दुष्काळांनी वऱ्हाडात आणि मध्य प्रांतात अशा कितीतरी पोरक्या मुली अनाथालयांत आणल्या. त्या वाढल्या, त्यांची लग्ने लागली, आणि त्यांच्या मनातले कोणत्याही ग्रंथसूचीत उतरले नाही. अहवालात त्या आकड्यांच्या रूपाने उरल्या असतील. म्हणजे मी ज्या परंपरेचा अभिमानाने दाखला देत होते तिलाही जातीची चौकट आहेच, आणि ती मला एका विद्यार्थिनीने दाखवून दिली.

पण याचा अर्थ विषय सोडून द्यायचा असा होत नाही. उलट पणजीने जे लिहिले नाही ते पणती लिहिते आहे, एवढ्यासाठीच ती वही महत्त्वाची ठरते. ती थोर साहित्य आहे असा माझा दावा नाही. तीत पुनरुक्ती आहे, सुविचार आहेत, पाळकांच्या प्रवचनातली वाक्ये जशीच्या तशी आली आहेत. पण वाङ्मयीन काय आहे, असे विचारणाऱ्याने आधी हे सांगावे की साडीचा रंग, गाडीची वेळ आणि शास्त्रातले वचन एकाच पानावर आणणाऱ्या गद्याला आपण काय म्हणतो. 'स्मृतिचित्रे' तरी आणखी कशाचे बनले आहे? चुलीपाशी बोलल्यासारखे लिहिलेले ते पुस्तक आज आपण अभिजात मानतो. त्याच जातीची वही शेजारच्या पेठेतून आली, की तिची चेष्टा करतो.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. 'सगुणा' पदव्युत्तर अभ्यासक्रमात, निदान पूरक वाचनात, यावी. 'स्मृतिचित्रे'वर विवाहसंस्थेच्या अंगाने एक तरी प्रश्न विचारला जावा. आणि वऱ्हाडातल्या ख्रिस्ती घरांतली पत्रे, वह्या, आठवणी गोळा करण्याचे काम आपल्या विद्यार्थ्यांकडे प्रकल्प म्हणून द्यावे. तेही लवकर, कारण पणजीच्या गोष्टी सांगणाऱ्या आज्या आता थोड्याच उरल्या आहेत.

विद्यार्थिनीने नंतर दुसरा, बिनहरकत विषय घेतला. तो मंजूर झाला. लग्नही झाले. गाडी सध्या दोघे आळीपाळीने पकडतात: सहा महिने अमरावतीत घर, सहा महिने अकोल्यात. हे कसे ठरले ते वहीच्या शेवटच्या पानांवर आहे आणि ते तिने मला वाचू दिलेले नाही. तो तिचा अधिकार आहे.

समितीची पुढची बैठक येत्या सत्रात आहे. तिच्या मंडळीत हरकत तीनदा विचारतात, आणि जो तेव्हा बोलत नाही त्याने पुढे बोलू नये असा संकेत आहे. आमच्या समितीत ती एकदाही विचारली गेली नव्हती. मी ती या वेळी न विचारताच नोंदवणार आहे.