टोमॅटोची आगोट



वालीवच्या बैठकीत कर्जाचा आणि वीजबिलाचा विषय संपत आला तेव्हा मागे बसलेल्या बायकांनी टोमॅटोचा विषय काढला. बाजारात भाव मिळत नाही. कॅरेट परत आणावे तर टेम्पोचे भाडे अंगावर पडते, आणि तिथेच ओतून यायला जीव होत नाही. मग घरच्या फ्रीजमध्ये गोठवून ठेवला तर टिकेल का? पुढच्या रांगेतले काही पुरुष हसले. आम्हाला मात्र तो त्या दिवसाचा सगळ्यात नेमका प्रश्न वाटला.

टिकतो. पूर्ण पिकलेले, लाल, कडक फळ घ्यावे. फुटलेले, डागी फळ गोठवल्याने सुधारत नाही. धुऊन पुसून अगदी कोरडे करावे, देठाकडचा कठीण भाग काढावा, ताटात एकमेकाला न चिकटता मांडून बर्फाच्या कप्प्यात ठेवावे. दगडासारखे झाले की पिशवीत भरून हवा दाबून काढावी आणि पिशवीवर तारीख लिहावी. साल आधी सोलत बसू नये. गोठलेले फळ नळाखाली धरले की साल हाताने निघते. एका वेळी किलोभरच ठेवावे. एकदम भरले तर माल हळूहळू गोठतो आणि बर्फाचे खडे मोठे होतात. टोमॅटोत शंभरातले ९४-९५ भाग पाणी. त्याचा बर्फ होताना पेशी फुटतात, म्हणून वितळल्यावर फळ लिबलिबीत होते. कोशिंबिरीला ते चालायचे नाही. सार, रस्सा, चटणीला उत्तम. एकदा वितळलेले पुन्हा गोठवू नये. उणे १८ अंशांच्या मोठ्या फ्रीजरमध्ये आठ-दहा महिने जातात, पण आपल्या एकदारी फ्रीजचा कप्पा तेवढा थंड नसतो. त्यातला माल दोन-तीन महिन्यांत संपवावा. वीज गेली तर दार उघडून पाहत बसू नये.

यात आपल्या भागाला नवे काही नाही. राजेळी केळी उन्हात वाळवून सुकेळी करणारी ही वसई. पावसाच्या तोंडावर सुके बोंबील, सुकट, मसाला, डाळी भरून आगोट करणारी ही घरे. त्या आगोटीत आता टोमॅटोची पिशवी आली, एवढेच. १९९१ साली शेगावच्या मेळाव्यात शरद जोशींनी चतुरंग शेती मांडली, त्यातली माजघर शेती म्हणजे पिकलेला माल कच्चा विकून मोकळे न होता घरातच त्याची किंमत वाढवणे. तिची सुरुवात माजघरातूनच व्हायची. गोठवलेला माल विकायचा असेल तर मात्र अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी करावी लागते, हे ध्यानात असावे.

पण हिशेब मांडल्याशिवाय पुढे जाऊ नये. तारेवर चढवलेल्या संकरित टोमॅटोचे एकरी २० टन धरा, म्हणजे २० किलोची १००० कॅरेट. घरच्या कप्प्यात पाच किलो मावले तरी पुष्कळ. एका एकराचा माल जिरवायला ४००० घरांचे कप्पे लागतात. तेव्हा जे विद्वान शेतकऱ्याला सांगतात, "भाव पडला तर प्रक्रिया करा", त्यांनी आधी ४००० फ्रीज आणून द्यावेत. बाजार मोडल्याचा दोष शेतकऱ्याच्या आळसावर ढकलण्याचा तो प्रकार आहे.

बाजार कोण मोडतो हे २०२३ साली सगळ्यांनी पाहिले. जुलैत टोमॅटो किलोला शंभरावर गेला तेव्हा सरकारने नाफेड आणि एनसीसीएफला खरेदीला लावले आणि दिल्लीसारख्या शहरांत तो ९० रुपयांपासून सुरू करून १५ ऑगस्टला ५० रुपयांवर आणून विकला. वर नेपाळहून आयात. सप्टेंबरात नाशिकच्या बाजारांत भाव कोसळला आणि माल पुन्हा रस्त्यावर पडला, तेव्हा गाडी घेऊन कोणी आले नाही. त्याआधी ऑगस्ट २०२१ मध्ये किलोला दोन-तीन रुपये मिळाले तेव्हाही नाही. टोमॅटो, कांदा, बटाट्यासाठी २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात ५०० कोटींचे 'ऑपरेशन ग्रीन्स' जाहीर झाले होते, त्यानंतरची ही गोष्ट.

म्हणून आम्ही वालीवच्या बहिणींचा प्रश्न थोडा फिरवून घेतो. फ्रीज शेतकऱ्याच्या घरी थोडे आहेत, गिऱ्हाइकाच्या घरी फार. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची वस्ती १२ लाखांवर होती. चार माणसांचे एक घर धरले तर तीन लाख घरे. प्रत्येकाने मंदीत पाच किलो जादा घेऊन गोठवले तर १५०० टन, म्हणजे ७५ एकरांचे पीक उठते. नाशिकच्या आवकेपुढे हे काहीच नाही, हे मान्य. पण वसई पूर्वेला कारखान्यांच्या गाळ्यांमधून जी शेते अजून हिरवी राहिली आहेत, त्यांना तेवढे पुष्कळ आहे. आणि ज्या घरात फेब्रुवारीचा टोमॅटो आहे, ते घर भाव चढल्याच्या पहिल्याच आठवड्यात आयातीसाठी ओरडणार नाही.

फळे-भाजीपाला २०१६ साली महाराष्ट्रात बाजार समितीच्या बंधनातून सुटला आहे. तेव्हा सोसायटीच्या फाटकावर माल विकायला कोणाच्या परवान्याची वाट पाहू नये. येत्या मंदीत प्रत्येक गावाच्या शाखेने दोन सोसायट्या धराव्यात, पाच-पाच किलोच्या पिशव्या न्याव्यात, आणि गोठवायची रीत बायकांनीच गिऱ्हाइक बायकांना समजावून सांगावी. पुरुषांनी वजन करावे. किती पिशव्या गेल्या, काय भाव पडला, किती परत आल्या, हे वहीत लिहून पुढच्या जिल्हा बैठकीला आणावे.