कळेल तरच नाकारता येईल

'फिलॉसॉफी अँड लिटरेचर' या नियतकालिकाच्या वाईट लेखनाच्या स्पर्धेत १९९८ साली पहिला क्रमांक ज्युडिथ बटलर यांच्या एका लांबलचक वाक्याला मिळाला. पुढच्या वर्षी बटलर यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये उत्तर दिले. त्यांचा मुद्दा असा: रूढ समजुतीच अन्यायाला स्वाभाविक ठरवत असतील, तर त्यांच्याच सरावाच्या भाषेत त्यांना धक्का कसा देणार?

हा मुद्दा मला हसण्यावारी नेण्यासारखा वाटत नाही. 'लैंगिक छळ' ही संज्ञा १९७० च्या दशकात अमेरिकेतील स्त्रियांच्या चळवळीने रूढ केली. त्याआधी बायका ते सोसत होत्याच, पण त्याला नाव नव्हते. नाव मिळाले म्हणून तक्रार करता आली. मात्र त्या संज्ञेची ताकद ती अवघड असण्यात नव्हती. १९९७ च्या विशाखा निकालात सर्वोच्च न्यायालयाने केलेली तिची व्याख्या कारखान्यातल्या कुठल्याही बाईला समजावून सांगता येते.

म्हणजे विचार नवा असणे वेगळे आणि वाक्य दुर्बोध असणे वेगळे. १८७२ मध्ये 'कॅपिटल'चा फ्रेंच अनुवाद हप्त्याहप्त्याने काढण्याची कल्पना मार्क्सने उचलून धरली, कारण तसा तो कामगारांपर्यंत पोचणार होता. सुरुवातीची प्रकरणे जड जातील, हेही त्याने प्रकाशकाला बजावले. विषय पातळ न करता त्याने वाट सोपी केली. पुढच्याच वर्षी जोतीराव फुल्यांची 'गुलामगिरी' आली. वर्चस्वाचा इतिहास त्यांनी धोंडीबा आणि जोतीराव यांच्या संवादातून मांडला. म्हणजे प्रश्न विचारणाऱ्याला पुस्तकातच जागा दिली.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्याकडे कोड नुसता चालून भागत नाही. तो दुसऱ्याला वाचता आला नाही, तर त्यातली चूक सापडत नाही. सिद्धांताचेही तसेच आहे. वाक्य न कळलेला कार्यकर्ता 'हे चूक आहे' असे म्हणू शकत नाही. तो मान डोलावतो आणि चळवळ अर्थ सांगणाऱ्या चार जणांच्या हाती जाते. मक्तेदारीविरुद्ध उभे राहिलेले लोक मग स्वतःच नवे मक्तेदार होतात.

तेव्हा नवा शब्द लागत असेल, तर तो जरूर वापरावा. शेजारी एक उदाहरणही द्यावे. वाचणाऱ्याला आपले म्हणणे पटेलच असे नाही. पण 'मला हे मान्य नाही' असे तो म्हणू शकेल, इतके स्पष्ट लिहिणे आपल्या हातात आहे.