नदी-अंधत्व : औषध आणि चिकाटी

नदीकाठी वस्ती वाढते, शेती पिकते, गावे नांदती होतात, हा मानवजातीचा जुना अनुभव आहे. पश्चिम आफ्रिकेतील व्होल्टा नदीच्या खोऱ्यात मात्र विसाव्या शतकात याच्या उलट घडले. कित्येक गावांतील माणसे ऐन प्रौढ वयात आंधळी होऊ लागली आणि सुपीक जमिनी ओस टाकून लोक दूर निघून गेले. या रोगाला ‘नदी-अंधत्व’ असे नाव पडले.

दोष मात्र नदीचा नव्हे. ओंकोसर्का व्होल्व्हुलस नामक सुतासारख्या कृमीपासून हा रोग होतो. वेगवान प्रवाहात वाढणारी सिम्युलियम ही लहानशी काळी माशी चावली म्हणजे कृमीच्या अळ्या मनुष्यदेहात शिरतात. पूर्ण वाढलेले कृमी कातडीखालच्या गाठींत दहा ते पंधरा वर्षे जगतात. त्यांची असंख्य सूक्ष्म पिले कातडीत व डोळ्यांत हिंडतात आणि मरतात, तेव्हा तेथे दाह होतो. प्रथम असह्य खाज सुटते. पुढे डोळ्याचा पारदर्शक पडदा धुरकट होतो आणि अखेर दृष्टी जाते. अशी गेलेली दृष्टी औषधाने परत येत नाही.

१९७४ साली सात देशांत हेलिकॉप्टरमधून नद्यांवर अळीनाशके फवारण्याची मोहीम सुरू झाली. पुढे जपानच्या मातीतील एका सूक्ष्मजंतूपासून आयव्हरमेक्टिन हे औषध सिद्ध झाले. १९८७ साली मर्क कंपनीने ते या रोगासाठी विनामूल्य देण्याचे जाहीर केले. त्यामागील संशोधनाबद्दल सातोशी ओमुरा व विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

या शोधाचे कौतुक योग्यच आहे. परंतु माझ्या मते खरा बोध त्यापुढे आहे. हे औषध पिलांचा नाश करते. प्रौढ कृमीला ते मारीत नाही. म्हणून कृमी आपल्या मरणाने मरेपर्यंत साऱ्या गावाने वर्षातून एकदा किंवा दोनदा गोळ्या घ्याव्या लागतात. खाज थांबलेल्याने घ्यावयाच्या, आणि निरोगी दिसणाऱ्यानेही. खंड पडला की माशीला पुन्हा कृमी मिळतो. गावाने निवडलेले स्वयंसेवक खुणा केलेल्या काठीने माणसाची उंची मोजून मात्रा ठरवितात आणि घरोघर गोळ्या देतात. अशा चिकाटीमुळेच २०१३ साली कोलंबिया हा देश या रोगाच्या प्रसारातून प्रथम मुक्त ठरला. आफ्रिकेत हा मान २०२५ साली नायजर देशाला मिळाला.

आपल्या देशात हा रोग नाही. पण हत्तीरोग आहे, आणि तोही सुतासारख्या कृमींचाच. त्याच्या निर्मूलनासाठीही सर्वांना गोळ्या वाटल्या जातात. “मला काही झालेले नाही” असे म्हणून ती गोळी बाजूला ठेवणाऱ्याने व्होल्टाकाठच्या गावांकडे पाहावे. तेथील निरोगी माणूस गोळी गिळतो, तेव्हा तो शेजाऱ्याच्या मुलांचे डोळे राखीत असतो. औषध प्रयोगशाळेतून येते. रोगाचे निर्मूलन मात्र समाजालाच करावे लागते.