किडीचे नाव आणि शेताचा हिशेब

वाशीम जिल्ह्यात पावसाळ्याच्या मध्यावर सोयाबीनचे एखादे झाड विनाकारण मलूल दिसू लागले, की शेतकरी ते उपटतो आणि खोड नखाने उभे चिरतो. आत तांबूस पोकळ वाट आणि तिच्यात बारीकशी पांढुरकी अळी सापडली, की ‘खोडमाशी’ म्हणून तो निकाल देतो. पुढे हिवाळ्यात त्याच शेतातील तुरीची शेंग सोलताना दाणा पोखरणारी तशीच अळी आढळते, ती ‘शेंगमाशी’. या दोन्ही अळ्यांच्या पुढे माश्या होतात, तेव्हा त्या इवल्याशा, काळ्या, चकचकीत आणि उघड्या डोळ्यांना सख्ख्या जुळ्या वाटाव्यात अशा असतात. शास्त्राने दोघींना ‘मेलानाग्रोमायझा’ हे एकच आडनाव दिले आहे. नावे मात्र वेगळी आहेत. खोडमाशी ‘सोजे’, तर शेंगमाशी ‘ऑबटुसा’. पहिलीचे वर्णन विसाव्या शतकाच्या तोंडाशी जावा बेटावर झाले, दुसरीचे १९१४ साली तैवानमधील नमुन्यांवरून. वाशीमच्या शेतकऱ्याचे पीक पोखरणाऱ्या किडींची नावनोंदणी अशी दूरदेशी झालेली आहे.

ही नावनोंदणी अळीवरून सहसा होत नाही, ती प्रौढ कीटकावरून होते, ही गोष्ट सामान्य वाचकास चमत्कारिक वाटेल. नुकसान अळी करते. मग ओळख माशीची कशाला? याचे कारण असे, की अळीचे शरीर मऊ आणि बिनखुणांचे असते. पंखांच्या शिरा, शृंगिकांचे खंड, डोक्यावरील केसांची मांडणी आणि मुख्य म्हणजे जननेंद्रियांचे कठीण भाग ही सर्व लक्षणे प्रौढावस्थेतच पूर्णत्वास येतात. बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या दोन जातींच्या नरांचे हे भाग पुष्कळदा स्पष्टपणे भिन्न असतात. म्हणून अभ्यासक अळी पाळतो, कोषातून माशी निघेपर्यंत थांबतो, तिच्या उदराचे टोक कॉस्टिक पोटॅशमध्ये तापवतो, मऊ मांस विरघळवतो आणि उरलेला सांगाडा ग्लिसरिनच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे चित्र काढतो. जाती खरोखरच नवी ठरली, तर मापे आणि चित्रे यांसह तिचे वर्णन प्रसिद्ध करावे लागते. एक नमुना त्या नावाचा कायमचा आधार म्हणून निश्चित करावा लागतो आणि तो संग्रहालयात जपून ठेवावा लागतो. त्या नमुन्याखालच्या चिठ्ठीवर गाव, तारीख आणि गोळा करणाराचे नाव असते. प्राण्यांच्या नावांचा हा व्यवहार लिनियसच्या १७५८ च्या ग्रंथापासून मोजला जातो आणि त्यात ज्येष्ठतेचा नियम चालतो: दोन नावे एकाच जातीची निघाली, तर जुने टिकते.

यावर व्यवहारी माणूस विचारील, की लॅटिन नावाने फवारणी स्वस्त होते काय? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर विदर्भाच्या कापसातच आहे.

२००५ नंतरच्या दोन-तीन वर्षांत भारतातील कापसावर पिठ्या ढेकणाचे नवेच संकट कोसळले. पांढऱ्या पिठाने माखलेला हा कीटक फांद्यांना लगडून रस शोषी, आणि अंगावरील मेणामुळे औषध त्याला सहजी पोचत नसे. तो कोण, याविषयी प्रारंभी एकवाक्यता नव्हती. शेजारच्या पाकिस्तानात संशोधकांनी तर त्याला नवी जाती मानून नवे नावही दिले. पिठ्या ढेकणाची ओळख पटवायची तर प्रौढ मादीच घ्यावी लागते. ती बिनपंखी असते. तिला पोटॅशने पारदर्शक करून, रंगवून, काचपट्टीवर बसवून तिच्या कातडीवरील छिद्रे आणि नलिका मोजाव्या लागतात. हे किचकट काम २००८ मध्ये हॉजसन या ब्रिटिश तज्ज्ञाने त्याच पाकिस्तानी संशोधकांसमवेत केले, आणि कीटक नवा नसून ‘फेनाकॉकस सोलेनॉप्सिस’ असल्याचे दाखविले. टिन्सले याने १८९८ साली अमेरिकेतील न्यू मेक्सिकोमधून त्याचे वर्णन केले होते. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी नऊ कापूस-राज्यांतील ४७ ठिकाणचे नमुने तपासून २००९ साली प्रसिद्ध केलेला निष्कर्षही हाच होता, की कापसावर प्राबल्य याच परदेशी पाहुण्याचे आहे.

एकदा नाव कळले, की घराणे कळते. घराणे कळले, की शत्रूही कळतात. याच सुमारास पिठ्या ढेकणांच्या काही शरीरांतून एक लहानशी परजीवी गांधीलमाशी बाहेर पडताना आढळली. तिच्या अळीने आतून पोखरलेला ढेकूण फुगून तपकिरी आणि कडक होतो. अलीगढ मुस्लिम विद्यापीठातील मोहम्मद हयात यांनी तिच्या प्रौढांची अंगरचना तपासून २००९ मध्ये तिचे नवीन जाती म्हणून वर्णन केले. एकात्मिक कीड व्यवस्थापनाच्या राष्ट्रीय केंद्राचे तत्कालीन संचालक बांबावाले यांच्या नावावरून तिला ‘एनॅसियस बांबावालेई’ म्हटले गेले. एका मराठी आडनावाला शास्त्राच्या वहीत अशी जागा मिळाली.

परंतु ही गोष्ट येथे संपत नाही. २०१४ मध्ये इराणमधील अभ्यासकांनी जुन्या वर्णनांशी ताडून दाखवले, की ही गांधीलमाशी आणि अमेरिकेतील ॲरिझोनावरून जिराल्ट याने पूर्वीच वर्णिलेली जाती एकच आहे. ज्येष्ठतेच्या नियमाने ‘ॲरिझोनेन्सिस’ हे नाव कायम झाले आणि मराठी आडनाव मागे पडले. यात हयात यांच्या कामाचा कमीपणा नाही. त्यांनी वर्णन आणि नमुना लोकांपुढे ठेवला होता, म्हणूनच दुसऱ्यास तो तपासता आला. शिवाय या दुरुस्तीने एक मोठी गोष्ट उमगली. कीड अमेरिकेतून आली, आणि तिच्या पाठोपाठ तिचा वैरीही, कोणी मुद्दाम न आणता, येथवर पोचला. पुढील हंगामांत हे संकट ओसरण्यास या गांधीलमाशीचा हातभार लागला. तो तिने एक पैसाही न घेता लावला. पण ज्या शेतात आठवड्याआड विषाचा फवारा उडाला, तेथे ढेकणाआधी तीच मेली.

येथे अर्थशास्त्राचा संबंध येतो. किडीचे अचूक नाव ही सार्वजनिक वस्तू आहे. एकाने वापरली म्हणून ती दुसऱ्यासाठी कमी होत नाही, आणि वापरणाऱ्याकडून तिची किंमत वसूल करता येत नाही. अशा वस्तूचे उत्पादन बाजार करीत नाही. बाजार विकतो ती बाटली. परिणामी किडीची ओळख पटविण्याचे काम प्रत्यक्षात तालुक्याच्या कृषी सेवा केंद्राच्या गल्ल्यावर होते, आणि तेथे निदान करणारा व औषध विकणारा एकच असतो. हा दोष एकट्या दुकानदाराचा नाही. त्या गल्ल्याखेरीज शेतकऱ्याला जवळ दुसरे दारच नाही, हा व्यवस्थेचा दोष आहे. अंदाधुंद फवारणीची किंमत किती होऊ शकते, हे वाशीमला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्याने २०१७ च्या हंगामात पाहिले. कापसावर फवारणी करताना विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर तेथे दगावले. त्याची कारणे अनेक होती. परंतु नेमके कोणावर, कशासाठी आणि केव्हा फवारायचे, हे न ठरविता फवारत राहणे ही सवय त्यांच्या मुळाशी आहे.

आता असे म्हटले जाते, की सूक्ष्मदर्शकाचा काळ संपला. कीटकाच्या पेशीतील डीएनएचा तुकडा वाचला, की नाव कळते. ही पद्धत उपयुक्त आहे, आणि अळीवरूनच निदान करण्याची सोय तिने केली, हे मान्यच केले पाहिजे. तथापि तिचे स्वरूप बोटांच्या ठशांसारखे आहे. ठसा ज्याच्याशी ताडायचा, त्या माणसाची नोंद आधी वहीत असावी लागते. ती नोंद प्रौढ नमुना पाहणाऱ्या माणसानेच केलेली असते. नोंद चुकली, तर यंत्र तीच चूक अधिक वेगाने पसरविते.

भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेने ३० जून २०२४ रोजी देशातील १,०४,५६१ प्राणिजातींची सूची प्रसिद्ध केली. हे काम गौरवास्पद आहे. पण त्यातील कीटक ओळखू शकणारी माणसे किती उरली, हा प्रश्न सूचीने सुटत नाही. विद्यापीठांत गुणांकन शोधनिबंधाच्या संख्येवर आणि तो किती ठिकाणी उद्धृत झाला यावर होते. दोन वर्षे खपून एका माशीचे वर्णन करणारा अभ्यासक त्या तराजूत हलका भरतो. मग तरुणांनी या वाटेस का जावे?

वाशीमची नोंद २०१८ पासून देशाच्या आकांक्षित जिल्ह्यांत आहे. अशा जिल्ह्याला कीटकांचा संग्रह ही चैन वाटेल. वास्तविक ती सर्वांत स्वस्त पायाभूत सोय आहे. धरणाला कोट्यवधी लागतात. येथे हव्यात काही टाचण्या, बंद पेट्या, डांबरगोळ्या, एक बरा सूक्ष्मदर्शक आणि चिठ्ठीवर खरे गाव व खरी तारीख लिहिण्याची शिस्त. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांनी रिसोड तालुक्यातील करडा येथील कृषी विज्ञान केंद्राच्या साहाय्याने सोयाबीन, तूर, हरभरा आणि कापूस यांवरील कीटकांचा एक संदर्भसंग्रह उभारावा. विद्यार्थ्यांनी आपापल्या गावच्या अळ्या आणून त्यांचे प्रौढ होईपर्यंत पालन करावे. शंकास्पद नमुने अकोल्याच्या कृषी विद्यापीठाकडे किंवा प्राणिसर्वेक्षणाच्या पुणे केंद्राकडे जावेत, आणि तेथे ते पाहणारी जागा रिकामी नसावी, याची हमी शासनाने द्यावी. जाती-वर्णनाला पदोन्नतीच्या हिशेबात मान मिळावा. यातून नवी जाती सापडेलच असे नाही. मात्र पुढचा पिठ्या ढेकूण आला, तर तो कोण हे ठरविण्यास वर्षे जाणार नाहीत.

आपल्याकडे किडीला नावे ठेवणारे पुष्कळ आहेत. तिचे नाव ठरविणारे मात्र बोटांवर मोजण्याइतके. जोवर ही संख्या वाढत नाही, तोवर शेतकरी अनोळखी शत्रूवर पैसे उधळीत राहील आणि त्याच फवाऱ्यात आपला अनोळखी मित्रही मारीत राहील.